थांबलेल्या अंड्याला कोण हलवतं?

1930 नंतरची तीसेक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या अनेक इस्पितळांच्या प्रयोगशाळांत बेडकांच्या टाक्या असत. बाईला दिवस गेले आहेत की नाहीत, याचा निकाल त्या टाकीत लागे. दक्षिण आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकीला, म्हणजे झेनोपसला, त्या बाईची लघवी टोचायची आणि वाट पाहायची. रात्र उलटेपर्यंत टाकीत अंडी दिसली की बातमी गोड. लॅन्सलॉट हॉगबेन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने केपटाऊनमध्ये असताना या बेडकीचा हा गुण हेरला होता. 1960 च्या दशकात प्रतिपिंडांवर आधारलेल्या सोप्या चाचण्या आल्या आणि बेडक्यांची इस्पितळातली नोकरी संपली.

अंडी आली की नाही, एवढंच इस्पितळाला हवं होतं. ती येण्याआधी अंड्याच्या आत काय घडतं, हे विचारणारी माणसं वेगळी होती आणि थोडी होती. त्यांच्या प्रश्नाला वैद्यकात फारशी किंमत नव्हती. तरीही शरीरातली प्रत्येक पेशी कशी विभागते, याचं उत्तर पुढे याच प्रश्नातून निघालं.

प्रश्न असा होता. अंडपेशी तयार होताना तिच्यातल्या गुणसूत्रांची संख्या निम्मी व्हावी लागते. त्यासाठी तिचं एक खास विभाजन होतं. ते सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. माणसात तर ही सुरुवात मुलगी आईच्या पोटात असतानाच होते. तिथे थांबलेल्या अंडपेशी पुढे बारा-तेरा वर्षांनी, काही तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, पुन्हा हलतात. तोवर प्रत्येकीचं केंद्रक फुगलेलं, आवरण शाबूत, गुणसूत्रं आत तशीच. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचं संप्रेरक उसळलं की केंद्रकाचं आवरण विरघळतं, विभाजनाचा पहिला टप्पा पुरा होतो आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर अंडपेशी पुन्हा थबकते. आता ती शुक्राणूची वाट पाहते. पहिल्या थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतच्या प्रवासाला अंडपेशीची परिपक्वता म्हणतात. बेडकातही थांबे हेच, क्रमही हाच. फरक एवढाच की बेडकीची अंडपेशी मिलीमीटरहून मोठी असते. तिच्या गडद अर्ध्या भागावर पांढरा ठिपका उमटला की केंद्रक विरघळलं, हे साध्या भिंगातूनही कळतं. शिवाय तिला सुई टोचता येते, आणि टोचल्यावरही ती जगते.

योशिओ मासुई यांनी बेडूकच निवडला. जन्म 1931, क्योतोचा. शिक्षण क्योतो विद्यापीठात, मग कोबेच्या कोनान विद्यापीठात अध्यापन. 1966 साली ते अमेरिकेत येल विद्यापीठात क्लेमेंट मार्कर्ट यांच्याकडे आले. हे मार्कर्ट स्वतः एक प्रकरण होते. तरुणपणी स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेले. 1954 साली कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून मिशिगन विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं होतं. येलमध्ये त्यांचा मुख्य विषय विकरांची निरनिराळी रूपं हा होता, आणि मासुईंनी त्यांच्यासोबत चक्क पेंग्विनच्या विकरांवरही काम केलं. मन मात्र बेडकीच्या अंड्यात होतं.

1967 पर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली. पियुषिकेचं संप्रेरक अंडपेशीशी थेट बोलत नाही. ते अंडपेशीभोवतीच्या पुटिकेतल्या पेशींना उठवतं. त्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात आणि प्रोजेस्टेरॉन अंडपेशीला उठवतं. पुटिकेच्या पेशी काढून टाकल्या तर पियुषिकेचा अर्क निष्प्रभ ठरतो, प्रोजेस्टेरॉन मात्र काम करत राहतं. इथवर सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं होतं. घोळ पुढे झाला. अंडपेशी प्रोजेस्टेरॉनच्या द्रावणात ठेवली तर पिकते. तेच प्रोजेस्टेरॉन सुईने तिच्या पोटात सोडलं तर काहीच होत नाही. म्हणजे संप्रेरक दारावरूनच निरोप देतं, आत येत नाही. मग केंद्रकापर्यंत तो निरोप कोण नेतं?

मासुईंचा प्रयोग वाचताना तो इतका सरळ वाटतो की आधी कुणाला का सुचला नाही, असं मनात येतं. प्रोजेस्टेरॉनमध्ये ठेवलेल्या अंडपेशीतलं थोडं पेशीद्रव्य काचेच्या बारीक सुईने ओढलं आणि प्रोजेस्टेरॉनचा स्पर्शही न झालेल्या दुसऱ्या अंडपेशीत सोडलं. दुसरी पिकली. तिच्यातलं पेशीद्रव्य तिसरीत सोडलं, तिसरीही पिकली. अंडपेशीतून अंडपेशीत असं पुढे नेत राहिलं तरी असर कमी होत नाही, हे इतरांच्या प्रयोगांतूनही दिसलं. मूळ द्रव्य नुसतंच वाहून नेलं जात असतं, तर दोन-तीन फेऱ्यांत ते पातळ होऊन संपलं असतं. इथे विरजणासारखं चाललं होतं: थोडंसं सोडलं की समोरचं सगळं तसंच होई.

या अदृश्य द्रव्याला मासुई आणि मार्कर्ट यांनी परिपक्वता घडवणारा घटक म्हटलं. जगभर तो एमपीएफ म्हणून ओळखला गेला. निबंध 1971 साली आला. त्याच वर्षी डेनिस स्मिथ आणि रॉबर्ट एकर या अमेरिकन जोडीने स्वतंत्रपणे हेच दाखवलं, आणि त्यांचं नाव मागे पडू देणं बरं नाही.

त्याच निबंधात आणखी एक प्रयोग होता, आणि मला तो पहिल्याहून अधिक भावतो. परिपक्व होऊन दुसऱ्या थांब्यावर उभ्या असलेल्या अंड्यातलं पेशीद्रव्य घ्यायचं आणि दोन पेशींच्या अवस्थेतल्या भ्रूणाच्या एकाच पेशीत सोडायचं. ती पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबते, आणि तिथेच थांबून राहते. शेजारची पेशी मात्र दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जाते. एकाच भ्रूणाचा अर्धा भाग गोठलेला आणि अर्धा धावता. म्हणजे पिकलेल्या अंड्यात पुढे ढकलणारं एक आणि रोखून धरणारं एक, अशी दोन द्रव्यं होती. दुसऱ्याला सीएसएफ हे नाव मिळालं. दोन्ही काय आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मासुई तोवर कॅनडात, टोरोंटो विद्यापीठात रुजू झाले होते. पुढची वर्षं निराशेची होती. अंडी फोडून एमपीएफ बाहेर काढू गेलं की ते नाहीसं होई. अंडं फुटताना सुटणारं कॅल्शियम घात करत होतं. शुक्राणू आत शिरतो तेव्हाही कॅल्शियमचीच लाट उठते आणि अंडं दुसऱ्या थांब्यावरून सुटतं. प्रयोगशाळेत अंडी फोडणारा माणूस नकळत तेच करत होता. 1976 साली वासरमन आणि मासुई यांनी कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन, मॅग्नेशियम आणि साखर घातलेल्या द्रावणात अर्क काढला, तेव्हा कुठे एमपीएफ नळीत टिकलं. टिकलं म्हणजे शुद्ध झालं नाही. रसायनशास्त्रज्ञ वस्तूचं नाव विचारत होते आणि भ्रूणशास्त्रज्ञ फक्त तिची करणी दाखवू शकत होते. 1971 पासून सतरा वर्षं ही स्थिती राहिली. अनेकांच्या लेखी तो बेडकाच्या अंड्यातला एक किस्सा होता.

तो किस्सा नाही, हे दाखवणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. पोटू नरसिंह राव यांनी रॉबर्ट जॉन्सन यांच्यासोबत 1970 साली माणसाच्या हीला या कर्कपेशी एकमेकींत विलीन करून पाहिल्या होत्या. विभाजनाच्या मध्यावरची पेशी विश्रांतीतल्या पेशीशी जोडली की विश्रांतीतल्या केंद्रकाची गुणसूत्रंही वेळेआधीच आखडू लागत. 1979 साली ह्यूस्टनमध्ये राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभाजन होत असलेल्या हीला पेशींचा अर्क झेनोपसच्या अंडपेशीत टोचला. बेडकीची अंडपेशी माणसाच्या कर्कपेशीच्या रसाने पिकली. जपानमध्ये किशिमोतो आणि कानातानी यांना तारामाशाच्या अंड्यातही असंच द्रव्य सापडलं होतं. बेडूक, तारामासा, माणूस. अंडपेशी आणि साधी पेशी. एकच द्रव्य सगळीकडे असेल, तर प्रश्न अंड्याचा उरलाच नव्हता.

दरम्यान दुसऱ्या टोकाकडूनही खोदकाम चालू होतं. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी 1950 च्या दशकात स्नायूंत दाखवून दिलं होतं की प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटला किंवा सुटला की त्याचं काम सुरू किंवा बंद होतं. फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांना प्रोटीन कायनेज म्हणतात. क्रेब्ज यांच्याकडे शिकलेल्या जेम्स मॅलर यांनी 1977 साली हे ज्ञान अंडपेशीला लावलं. चक्रीय एएमपी या रेणूवर चालणाऱ्या कायनेजचा क्रियाशील भाग अंडपेशीत टोचला, तर प्रोजेस्टेरॉन देऊनही ती पिकेना. त्याच कायनेजला दाबणारं प्रथिन टोचलं, तर प्रोजेस्टेरॉनविना पिकली. इतकी वर्षं अंडपेशीला थांबवून ठेवणारं कोण, याचं उत्तर मिळालं: एक कायनेज. आणि पिकणाऱ्या अंडपेशीत एकदम पुष्कळ प्रथिनांवर फॉस्फेट चढतो, हेही त्याच सुमारास दिसलं. म्हणजे पुढे ढकलणारंही बहुधा कायनेजच असावं. संशय होता, पुरावा नव्हता.

पुरावा यायला दोन अनपेक्षित पाहुणे यावे लागले. एक, किण्वाच्या पेशी. दोन, समुद्री अर्चिनची अंडी.

किण्वावर अमेरिकेत लेलँड हार्टवेल आणि ब्रिटनमध्ये पॉल नर्स काम करत होते. पेशीचं विभाजन अडवणारे जनुकीय दोष हुडकायचे आणि त्यांतून नेमकं कुठलं जनुक निर्णय घेतं ते ठरवायचं, ही त्यांची रीत. एडिंबरात नर्स अवेळी विभागणाऱ्या, म्हणून आकाराने लहान राहिलेल्या पेशी गोळा करत. त्यांना स्थानिक बोलीतलं ‘वी’, म्हणजे छोटं, हे नाव दिलं होतं. अशी एक पेशी बुरशी लागलेल्या बशीत होती. नर्स यांनी ती बशी टाकून दिली, घरी गेले, मन खाऊ लागलं म्हणून परत येऊन ती कचऱ्यातून उचलली. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. त्या पेशीतला दोष सीडीसी2 या जनुकात होता, आणि हे जनुक एक कायनेज बनवतं, असं पुढे ठरलं. 1987 साली मेलानी ली आणि नर्स यांनी माणसाचं तेच जनुक किण्वात घातलं आणि मोडलेलं किण्व त्याने चालू झालं.

अर्चिनची गोष्ट 1982 च्या उन्हाळ्यातली, मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होलमधली. टिम हंट फलित अंड्यांत नव्याने बनणारी प्रथिनं मोजत होते. बहुतेक वाढतच गेली. एक मात्र वाढे, विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होई, पुन्हा वाढे. प्रथिनं अशी वेळापत्रकानुसार नष्ट होतात, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. त्याच दिवसांत हंट यांची जॉन गेरहार्ट यांच्याशी गप्पांत गाठ पडली. गेरहार्ट एमपीएफचे जाणकार. एमपीएफही असंच येतं-जातं, हे त्यांनी सांगितलं. हंट यांच्या प्रथिनाचं नाव सायक्लिन पडलं. 1986 साली जोन रुडरमन यांच्या गटाने शिंपल्याच्या सायक्लिनचा आरएनए बेडकीच्या अंडपेशीत टोचला, आणि ती पिकली.

मग 1988. मॅनफ्रेड लोका हे मासुईंचे विद्यार्थी. टोरोंटोत असताना, 1983 साली, त्यांनी आणि मासुईंनी अंड्यांचा असा अर्क बनवला होता की त्यात शुक्राणूंची केंद्रकं सोडली तर ती नळीतच फुगत, आवरण धरत आणि पुढे विभाजनाची लक्षणंही दाखवत. आता प्रत्येक नमुना अंडपेशीत टोचून पाहण्याची गरज उरली नाही. हे तंत्र घेऊन लोका डेनव्हरला मॅलर यांच्याकडे गेले आणि तिथे एमपीएफ तीन हजार पटींहून अधिक शुद्ध झालं. हाती दोन प्रथिनं लागली: एक सुमारे 32 किलोडाल्टनचं, एक 45 चं. त्याच वर्षी मॅलर, नर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहान प्रथिन म्हणजे बेडकातलं सीडीसी2. डन्फी, न्यूपोर्ट, बीच यांचा गटही वेगळ्या वाटेने तिथेच पोचला. मोठं प्रथिन म्हणजे सायक्लिन, हे 1990 साली पक्कं झालं. मासुईंनी सुईने ओढलेलं ते अनामिक द्रव्य म्हणजे नर्स यांचं कायनेज आणि हंट यांचं सायक्लिन यांची जोडी होती.

विरजण का लागत होतं, तेही आता कळलं. अंडपेशीत ही जोडी आधीच तयार असते, पण तिच्यावर नको त्या जागी फॉस्फेट बसवून तिला गप्प ठेवलेलं असतं. बसवणारी कायनेज नर्स यांच्या इतर ‘वी’ पेशींत बिघडलेल्या कायनेजच्या, म्हणजे ‘वी’ कुळातली; काढणारं विकर सीडीसी25. थोडं जागं एमपीएफ आत आलं की ते सीडीसी25 ला चेतवतं आणि फॉस्फेट बसवणाऱ्यांना दाबतं. त्यातून आणखी एमपीएफ जागं होतं. साठा आतच होता, बाहेरून फक्त सुरुवात हवी होती.

रोखून धरणाऱ्या सीएसएफचा छडा जपानी संशोधक नोरियुकी सागाता यांनी लावला, आणि तो अगदीच अनपेक्षित ठिकाणी निघाला. उंदरांत गाठी उठवणाऱ्या एका विषाणूत मॉस नावाचं जनुक सापडलं होतं. निरोगी शरीरात ते कुठे काम करतं, हे कोडं होतं. सागातांनी 1988 साली दाखवलं की ते अंडपेशीत काम करतं आणि त्याच्याविना झेनोपसची अंडपेशी पिकत नाही. 1989 साली दाखवलं की मॉस हा सीएसएफचाच घटक आहे. चाचणी मासुईंचीच: दोन पेशींच्या भ्रूणाच्या एका पेशीत मॉस सोडलं, ती पेशी थांबली. मॉसही कायनेजच. ते पुढच्या कायनेजवर फॉस्फेट चढवतं, ते त्याच्या पुढच्यावर, असं करत निरोप एमएपी कायनेजपर्यंत जातो. 1994 साली मॉस जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या माद्यांची अंडी दुसऱ्या थांब्यावर थांबेनात. शुक्राणूची वाट न पाहता आपापली विभागू लागली.

एक शंका तरी उरलीच होती. प्रोजेस्टेरॉनचं प्रमाण हळूहळू वाढवलं की एमएपी कायनेजची क्रियाही हळूहळू वाढताना दिसे. मग अंडपेशी ‘थोडीशी पिकलेली’ का सापडत नाही? स्टॅनफर्डच्या जेम्स फेरेल यांनी 1998 साली उत्तर दिलं, तेही निव्वळ मोजण्याची पद्धत बदलून. तोवर सगळे शेकडो अंडपेशी एकत्र वाटून मोजत होते. फेरेल यांनी एकेक अंडपेशी वेगळी मोजली. प्रत्येकीत कायनेज एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. मधली अवस्था जवळपास नाहीच. हळूहळू वाढत होती ती चालू झालेल्या अंडपेशींची संख्या. सरासरीने तोवर किती जणांना चकवलं असेल, याचा विचार जीवशास्त्राच्या इतर शाखांनीही करायला हरकत नाही.

1998 साली लास्कर पारितोषिक हार्टवेल, मासुई आणि नर्स यांना मिळालं. 2001 साली नोबेल मिळालं ते हार्टवेल, नर्स आणि हंट यांना. नोबेल तिघांहून अधिकांना देता येत नाही, हे खरं. हंट यांचा शोध मोठा, हेही खरं. पण माझ्या मते मासुईंना वगळणं ही चूक होती. सायक्लिन आणि सीडीसी2 यांचा अर्थ लागला तो एमपीएफ नावाची जागा आधीच आखलेली होती म्हणून. वस्तू हाती नसताना तिची करणी इतकी चोख वर्णन करून ठेवणं की सतरा वर्षांनी वस्तू आली तेव्हा एक शब्दही बदलावा लागला नाही, हे काम जनुक शोधण्याहून कमी प्रतीचं नाही.

या सगळ्याचा आपल्याकडच्या दवाखान्यांशी संबंध आहे. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी 1965 साली माणसाची अंडपेशी प्रयोगशाळेत पिकवून पाहिली, तेव्हा तिला दुसऱ्या थांब्यावर पोचायला सुमारे दीड दिवस लागतो हे समजलं. त्या हिशेबावरच आजही टेस्ट ट्यूब उपचारात अंडी काढण्याच्या साधारण 34 ते 36 तास आधी शेवटचं इंजेक्शन देतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलेलं बाळ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या गटाच्या याच प्रकारच्या उपचारातून आलं. त्या वेळी एमपीएफ शुद्ध व्हायला अजून दोन वर्षं होती.

घड्याळ आधी कळलं, यंत्र नंतर. आता यंत्रातले बिघाड सापडू लागले आहेत. 2018 साली चिनी संशोधकांनी अशा काही स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांची अंडी दिसायला व्यवस्थित होती, दुसऱ्या थांब्यापर्यंत पोचलेलीही होती, पण शुक्राणू थेट आत सोडूनही फलित होत नव्हती. त्यांच्यात डब्ल्यूईई2 या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. हे एडिंबरातल्या ‘वी’ कुळातलंच कायनेज. ते नसेल तर शुक्राणू आला तरी एमपीएफ गप्प होत नाही आणि अंडं थांब्यावरून सुटत नाही. या जनुकाचा निर्दोष आरएनए त्या अंड्यांत टोचल्यावर ती फलित झाली आणि प्रयोगशाळेत पाच-सहा दिवसांच्या भ्रूणापर्यंत वाढली. उपचार म्हणून हे अजून कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही.